दारू सोडून १९ दिवस झाले. पुढची वाट कशी निवडावी?

मूळ प्रश्न

नमस्कार. मी ४१ वर्षांची आहे आणि गेली आठ-नऊ वर्षे जवळजवळ रोज रात्री, सगळी कामे आटोपल्यावर, एकटीने दारू पीत होते. नोकरीवर कधी गदा आली नाही, कोणासमोर तोल गेला नाही, त्यामुळे ‘व्यसनी’ हा शब्द स्वतःला लावून घ्यायला मी कधीच तयार झाले नाही; मात्र दिवस कलला की बाटलीत किती उरली असेल याचा हिशेब मनात सुरू होई, आणि तो हिशेब मी कोणालाही सांगत नसे. याआधी दोनदा सोडून पाहिली होती. पहिल्या वेळी नुसता घाम आला आणि चिडचिड झाली. या वेळी दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरत होते की सही करता येईना.

आज १९ वा दिवस आहे. पंधरा वर्षांपूर्वी दारू सोडलेले एक परिचित म्हणतात की अल्कोहोलिक्स अनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या समूहाच्या बैठकांवाचून कोणी टिकत नाही. मी दोन बैठकांना जाऊन आले. माणसे आपुलकीची होती, पण ईश्वराचा उल्लेख आला की माझे मन मिटते. डॉक्टरांनी तलफ कमी करणारी गोळी सुचवली आहे, पण तीही एक कुबडीच ठरेल असे वाटते. झोप तर पार विस्कटली आहे. ज्यांनी सुरुवातीचे महिने पार केले आहेत, त्यांनी आपापला मार्ग कसा ठरवला, हे कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १

मी नास्तिक आहे आणि सहा वर्षांपूर्वी समूहाच्याच आधाराने दारू सोडली, म्हणून आधी बैठकांविषयी लिहितो. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी सुरू झाली. बिल विल्सन हे दारू सोडून काही महिने झालेले गृहस्थ तेथे कामासाठी गेले असताना पुन्हा पिण्याच्या बेतात आले, आणि स्वतःला सावरण्यासाठी त्यांनी दुसऱ्या एका पिणाऱ्या माणसाचा शोध घेतला; ते होते डॉ. बॉब स्मिथ. माझ्या लेखी त्या चळवळीचे मर्म या भेटीत आहे. पिणाऱ्याला पिणाऱ्याचे बोलणे पटते, कारण समोरचा न्यायनिवाडा करणार नाही याची त्याला खात्री असते. बारा पायऱ्या, म्हणजे सदस्यांनी क्रमाने चालायचे या चळवळीचे टप्पे, नंतर आल्या. त्यांत ईश्वराचा उल्लेख आहे हे खरे, पण ‘आम्हाला जसा उमगला तसा’ अशी मोकळीकही तिथेच आहे, आणि सदस्य होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. मी त्या शब्दाच्या जागी ‘हा समूह’ असे मनात म्हणत राहिलो. कोणी हरकत घेतली नाही.

दोन बैठकांवरून मत बनवू नका, कारण प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो. माझा पहिला गट मला अजिबात मानवला नव्हता. चौथ्या गटात बसलो आणि तिथेच राहिलो. केवळ स्त्रियांचे गट असतात, ऑनलाइन बैठकाही असतात. तरीही मन रमले नाही, तर स्मार्ट रिकव्हरी ही १९९४ पासून चालणारी संस्था ईश्वराचा आधार न घेता, विचार आणि वर्तन बदलण्याच्या तंत्रांवर गट चालवते. खास स्त्रियांसाठीची विमेन फॉर सोब्रायटी तर १९७५ पासून आहे. आपल्या परिचितांचा अनुभव खरा आहे, पण तो त्यांचा आहे.

प्रतिसाद २

मी व्यसनोपचाराच्या क्षेत्रात काम करते. आपण हातांच्या थरथरीविषयी ओझरते लिहिले आहे. मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटले. दारू मेंदूला मंद करते, आणि रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या मंदपणावर मात करण्यासाठी स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू एकाएकी थांबली की दाब निघून जातो आणि वाढलेली उत्तेजना तेवढी उरते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत कंप, घाम आणि अस्वस्थता सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत अधिक असतो. आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास, भ्रम आणि ताप यांसह ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ ही जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. आपण त्या टप्प्यातून बाहेर आला आहात. परंतु सोडणे आणि पुन्हा सुरू करणे हे चक्र जितके फिरते, तितका पुढच्या वेळचा त्रास तीव्र होण्याची शक्यता वाढते. आपली पहिली खेप आणि आताची खेप यांतील फरक कदाचित हेच सांगतो. म्हणून, तशी वेळ न येवो, पण पुन्हा काही आठवडे रोज पिणे झालेच, तर घरच्या घरी एका फटक्यात थांबवू नका. वैद्यकीय देखरेखीखालीच थांबवा.

आता गोळीविषयी. कुबडीला नावे ठेवणाऱ्याचा पाय बहुधा मोडलेला नसतो. नाल्ट्रेक्झोन हे औषध दारूने मिळणारा सुखाचा झटका बोथट करते. अकॅम्प्रोसेट दारू थांबल्यानंतरची मेंदूतील अस्थिरता शमवण्यास मदत करते, असे मानले जाते. दोन्हींची सवय लागत नाही. पहिल्यासाठी यकृताची आणि दुसऱ्यासाठी मूत्रपिंडाची तपासणी आधी करावी लागते. तिसरे औषध डायसल्फिराम हे जुने, १९५० च्या सुमारापासून वापरात असलेले. ते तलफ कमी करत नाही. वर दारू प्यायल्यास उलट्या, धडधड आणि रक्तदाबातील घसरण असा त्रास होतो, आणि गोळी थांबवल्यावरही तो प्रभाव दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ते रुग्णाच्या पूर्ण संमतीनेच द्यायचे असते. घरच्यांनी जेवणात नकळत मिसळणे हा जिवाशी खेळ आहे, हे इथे वाचणाऱ्या इतरांसाठीही लिहून ठेवते.

जीवनसत्त्व ब-१ विषयी डॉक्टरांना अवश्य विचारा, कारण दीर्घकाळ पिणाऱ्यांत त्याची कमतरता असते आणि ती मेंदूला इजा करू शकते.

प्रतिसाद ३

मी बैठकांना गेलो नाही. समुपदेशक आणि एक वही यांच्या आधाराने तीन वर्षे झाली. ‘माझ्यासाठी कोणता मार्ग योग्य’ या प्रश्नावर एक मोठा अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅचमध्ये १,७२६ जणांना तीन उपचारांत विभागले होते: बारा पायऱ्यांकडे नेणारा, विचार-वर्तन पद्धतीचा आणि प्रेरणा वाढवणारा. माणसाच्या स्वभावाला जुळणारा उपचार दिला तर निकाल सुधारेल, अशी अपेक्षा होती. १९९७ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा तिन्ही गटांत बरीच सुधारणा दिसली, पण जुळवणीचा फायदा फारसा आढळला नाही. एक अपवाद मात्र लक्षात घेण्याजोगा आहे: ज्यांच्या भोवतीची माणसे पिणारी होती, त्यांना दूरच्या काळात बारा पायऱ्यांचा मार्ग अधिक उपयोगी पडला, बहुधा नवी माणसे मिळाल्यामुळे. तेव्हा अचूक मार्ग शोधण्यात महिने घालवू नयेत. जो मार्ग आपण पुढच्या मंगळवारीही चालाल, तो घ्यावा.

तुमची दारू एकटेपणाची आणि ठरलेल्या वेळेची होती. माझीही तशीच होती. वहीत मी आठवडाभर फक्त वेळ, मनःस्थिती आणि तलफेचा जोर एवढेच लिहिले, तेव्हा कळले की मला दारूपेक्षा ‘आता दिवस संपला’ ही खूण हवी असते. ती खूण दुसऱ्या कशाने तरी द्यावी लागली. मी त्या तासाला अंघोळ करू लागलो आणि खोली बदलली. ऐकायला पोरकट वाटेल, पण जुनी खुर्ची अक्षरशः देऊन टाकली. तलफ आली की तिच्याशी भांडू नये, ती अंगात कुठे जाणवते ते पाहत राहावे; ती लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. घरात बाटली नसणे ही या सगळ्याची पूर्वअट आहे, कारण त्या अर्ध्या तासात दार उघडून बाहेर जावे लागणे एवढा अडथळाही पुष्कळ असतो.

प्रतिसाद ४

झोपेविषयी थोडे. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती तुटते आणि स्वप्नांची झोप दबते; सोडल्यावर ती उसळून परत येते. पहिल्या दोन महिन्यांत मी स्वप्नात कितीदा तरी प्यायले आणि अपराधी मनाने जागी झाले. तो घसरल्याचा संकेत नव्हे. झोप नीट बसायला काही महिने लागू शकतात. ठरलेल्या वेळी उठणे सोडू नका, आणि झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, कारण त्यांतील काहींची सवय दारूइतकीच चिवट असते.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांची मनापासून आभारी आहे. खुर्चीची गोष्ट वाचून हसू आले आणि मग माझीही एक ठरलेली खुर्ची आहे हे ध्यानात आले. सध्या असे ठरवले आहे: यकृताची तपासणी करून नाल्ट्रेक्झोन सुरू करायचे, स्त्रियांच्या एका ऑनलाइन गटाला निदान सहा वेळा जायचे आणि वही उद्यापासून. एक प्रश्न उरतो. एखाद्या दिवशी घसरलेच, तर १९ दिवसांची गणती पुन्हा शून्यावर येते, आणि त्या विचारानेच ‘मग आता काय उरले’ असे वाटून पूर्ण बाटली संपेल अशी भीती वाटते.

प्रतिसाद ३

ही भीती इतकी सार्वत्रिक आहे की अ‍ॅलन मार्लॅट या मानसशास्त्रज्ञांनी तिला स्वतंत्र नाव दिले होते. एक पेला आणि पुन्हा पूर्वीसारखे पिणे यांच्या मध्ये जी जागा असते, तिथे माणूस स्वतःला काय सांगतो यावर पुढचे अवलंबून असते. मी वहीत दोन आकडे लिहितो: सलग दिवस आणि या वर्षातील एकूण दारूविना दिवस. माझ्या पहिल्या वर्षात सलग आकडा दोनदा शून्य झाला, दुसरा ३६१ वर गेला. घसरल्यास कोणाला फोन करायचा ते नाव आजच, डोके शांत असताना, पहिल्या पानावर लिहून ठेवा.

प्रतिसाद २

नाल्ट्रेक्झोन ठरवलेच आहे, तर एक खबरदारी. अफूवर्गीय वेदनाशामके आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध यांच्यासोबत ते चालत नाही. अशी औषधे थांबवून सहसा सात ते दहा दिवस जावे लागतात. गेल्या पंधरवड्यात घेतलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा, आणि ही गोळी चालू असताना शस्त्रक्रिया किंवा दातांचे मोठे काम निघाले तर तिथेही आधीच सांगा.