मुलांचा निखळलेला अंगठा मैदानातच ओढून बसवावा का?

मनवाची आई
माझी मुलगी नऊ वर्षांची. गेल्या महिन्यात कबड्डी खेळताना पडली, हात टेकला आणि उजवा अंगठा मागे गेला. अगदी काटकोनात उभा राहिला होता, असं तिच्या मैत्रिणी सांगतात. तिथल्या सरांनी लगेच अंगठा धरून सरळ ओढला. उभा अंगठा आडवा झाला. सगळ्यांना वाटलं, बसला. मलाही वाटलं. रात्री हळदीचा लेप लावून झोपवलं.

सकाळी आंघोळ घालताना बघते तर अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याच्या बाजूला कातडीला खळी पडलेली. गालाला पडते तशी. अंगठा बुडातून वाकतच नव्हता. एक्सरेत सांधा निखळलेलाच निघाला. शेवटी पूर्ण भूल देऊन ऑपरेशन करावं लागलं. आतली एक चिवट पट्टी दोन हाडांच्या मध्ये अडकली होती, आणि ती बहुधा ओढल्यामुळेच आत गेली असं डॉक्टर म्हणाले.

सरांचा हेतू चांगलाच होता, त्यांच्यावर राग नाही. पण माझं ठाम मत झालंय : एक्सरे निघेपर्यंत लहान मुलाच्या अंगठ्याला कोणीही ओढू नये.

मैदानावरचा मास्तर
ताई, लेकीला झालं ते वाईटच झालं. पण म्हणून कोणी हातच लावायचा नाही, हे मला पटत नाही. बावीस वर्षं मुलांना खेळ शिकवतोय. कितीतरी बोटं जागच्या जागी बसवली आहेत. सांधा ताजा असतो तेव्हा क्षणात बसतो. दोन तास गेले की सूज चढते, स्नायू ताठरतात, आणि मग त्याच बोटाला भूल लागते. मूल समोर तळमळत असताना हाताची घडी घालून गाडीची वाट बघायची का?

सांधेजोड
मी हाडांचा डॉक्टर आहे. मास्तर, तुम्ही बसवलेली बोटं बहुतेक मधल्या पेरात निखळलेली असणार. तिथे ओढलं की बऱ्याचदा बसतं, हे मान्य. अंगठ्याच्या बुडाच्या सांध्याचं गणित उलटं आहे.

तिथे तळव्याच्या बाजूने व्होलर प्लेट नावाची जाड पट्टी असते. अंगठा मागे निखळला की ती फाटते आणि पेराच्या हाडाबरोबर वर जाते. अंगठा काटकोनात उभा असतो तोवर ती सहसा सांध्याच्या बाहेरच असते, म्हणजे न कापता बसण्याची चांगली आशा असते. आता सरळ ओढलं तर दोन हाडांत फट पडते आणि पट्टी त्या फटीत सरकते. मग अंगठा दिसायला सरळ होतो, पण कुलूप लागलेलं असतं. म्हणजे जो जास्त वाकडा दिसतो तो सोपा, आणि जो जवळजवळ सरळ दिसतो आणि तळव्याकडे खळी असते तो अवघड. मनवाच्या आईंनी नेमकी हीच खळी पाहिली.

फाराबफ या फ्रेंच शल्यविशारदाने १८७६ साली या दुखापतीचे प्रकार मांडले, त्यात साधा निखळलेला सांधा असा अवघड होऊन बसतो तेही आहे. दीडशे वर्षं होत आली तरी पहिला हात ओढायलाच जातो, याचं वाईट वाटतं.

बसवायची रीत अशी : मनगट आणि अंगठ्याचं टोक वाकवून स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) सैल करायचा, अंगठा आहे त्याहून थोडा मागेच न्यायचा, आणि पेराचं बूड तळहातातल्या हाडाच्या डोक्यावर घासत पुढे ढकलायचं. ओढायचं नाही, ढकलायचं. हे वाचून मैदानात करून बघा असं मात्र मी म्हणत नाही. लहान मुलांत पेराची वाढरेषा, म्हणजे हाड जिथून वाढतं ती मऊ रेघ, याच सांध्याला लागून असते आणि ती सांध्याच्या बंधांपेक्षा कच्ची असते. निखळल्यासारखा दिसणारा अंगठा वाढरेषेतून मोडलेला असू शकतो. ते बाहेरून ओळखू येत नाही.

डोंगरवाट
हे शहरात ठीक आहे. आमच्या गावापासून एक्सरे दीड तासावर, शेवटची एसटी पाचला. आमच्याकडे हाडवैद्य आजोबा आहेत, पैसे घेत नाहीत. माझा पुतण्या दोन वर्षांचा असताना त्याचा अंगठा निखळला होता. टोक वाकडंच राहायचं, सरळ व्हायचं नाही. पडला वगैरे नव्हता. आजोबांनी तीनदा बसवला, तिसऱ्यांदा बसला. आज पोरगा बॅट धरतो.

सांधेजोड
डोंगरवाट, आजोबांबद्दल आदर ठेवूनच सांगतो, तो अंगठा निखळलेला नसावा. पडझड नाही, वय दोन, टोकाचं पेर वाकलेलं : हे ट्रिगर थम्बचं चित्र आहे. स्नायुबंधावर गाठ येते आणि ती त्याच्या म्यानाच्या, म्हणजे तो ज्या नळीतून सरकतो तिच्या, तोंडाशी अडकते. अंगठ्याच्या बुडाशी वाटाण्यासारखी हाताला लागते. यातली काही मुलं आपोआप बरी होतात, काहींना पुढे छोटं ऑपरेशन लागतं. बसवायला तिथे काही निखळलेलंच नसतं.

भूलवाली
मी भूलतज्ज्ञ. आईंशी सहमत, पण सगळा दोष मैदानावर आणि हाडवैद्यावर ढकलू नका. मूल किंचाळतंय, चौघांनी धरलंय आणि पांढऱ्या कोटातला माणूस "अजून एकदा बघू" म्हणत तिसऱ्यांदा ओढतोय, हे मी दवाखान्यात स्वतः पाहिलंय. एक्सरे झालेला होता. नुसत्या एक्सरेने मूल सुरक्षित होत नाही. आधी वेदना थांबवा, गुंगी द्या, मग योग्य रीतीने एकच प्रयत्न करा. नाही बसला तर थांबा आणि पूर्ण भुलीखाली घ्या.

सांधेजोड
एकदाच प्रयत्न, हे मान्य. पण जाणत्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला अंगठा बधिर करून गप्पा मारत बसवता येतो. सरसकट गुंगीसाठी पोट रिकामं व्हायची वाट बघत सहा तास ठेवणं मला रुचत नाही.

भूलवाली
बारा वर्षांच्याला चालेल. मनवाच्या वयाच्या घाबरलेल्या मुलीला बधिर करायची सुई दाखवून पाहा.

मैदानावरचा मास्तर
ती खळीची गोष्ट मला माहीत नव्हती. आजवर सरळ दिसला की बसला, असंच समजत आलो. बाकी बोटांबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण अंगठ्याला यापुढे हात लावणार नाही. मग त्या दीड तासात करायचं काय, तेवढं सांगा.

सांधेजोड
आहे त्याच आकारात अंगठा आधाराला टेकवा. वहीचा पुठ्ठा चालतो, खाली रुमालाची घडी. पट्टी सैल बांधा. मनगटातला दोरा, कडं, अंगठी सूज यायच्या आत काढा. बर्फ कापडात गुंडाळून थोडा थोडा वेळ. हात गळ्यात अडकवून छातीशी उंच ठेवा. खायला काही देऊ नका, भूल लागू शकते. नख पांढरं किंवा निळं पडलं, बोट बधिर झालं तर पट्टी लगेच सैल करा आणि १०८ ला फोन लावा.

मनवाची आई
मास्तर, मनापासून आभार. मनवाचं प्लास्टर परवा निघालं. अंगठा अजून करंगळीच्या बुडापर्यंत पोचत नाही, अनामिकेपर्यंत जातो. रोज संध्याकाळी कोमट पाण्यात हात धरून ती स्वतःच मोजते.