लिस्बनमधे सहा जणांचं दुपारचं जेवण, काय मागवू?

पेठेतला_पाहुणा: मंडळी, पुढच्या शनिवारी पुण्याहून कॉलेजचे दोन मित्र बायकांसह येतायत, आम्ही दोघं धरून सहा जण. एक वहिनी शाकाहारी आहेत, अंडं चालतं, बाकीचे मासेखाऊ पण बीफ-पोर्क कोणालाच नको. नऊ वर्षांनी भेटतोय, निवांत बसून इथलं खरं जेवण जेवायचंय. प्रत्येकाने आपापलं मागवायचं का मधे ठेवून वाटून घ्यायचं?

तिसऱ्या_प्रेमी: मधेच ठेवा! गल्लीतल्या छोट्या ताश्कात, म्हणजे साध्या खानावळीत जा, मेन्यूत 'मेया दोझ' म्हणजे अर्धी प्लेट असते आणि तीसुद्धा एकाला भरपूर होते, त्यामुळे सहा जणांत चार-पाच प्रकार चाखता येतात. बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतील, ते फुकट नसतं, खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर हात न लावता परत द्या. पण पाव ठेवून घ्याच, कारण 'बुल्याव पातू' तिसऱ्या (शिंपल्या) मागवायच्यात. लसूण, कोथिंबीर, ऑलिव्ह ऑइल, बास, आणि खालचा रस पावाने पुसून खायचा. पाव हा शब्द आपण पोर्तुगीजांकडूनच घेतला, तो इथे असा खाताना मला दरवेळी भरून येतं. दुसरं म्हणजे बाकाल्याव आ ब्राश, खारवलेला कॉड एक-दोन दिवस पाणी बदलत भिजवतात, मग त्याचे तुकडे, बारीक तळलेला बटाटा आणि अंडं. खारा मासा म्हणून बिचकणाऱ्यांनाही हा आवडतो.

सुगरण७७: वहिनींसाठी असोर्दा आलेंतेजाना, शिळा पाव, लसूण, भरपूर कोथिंबीर, वर गरम पाणी आणि अंडं. फक्त आधी विचारा, काही ठिकाणी कॉड उकळलेलं पाणी वापरतात. काल्दू व्हेर्द सूपमधे पोर्कचं सॉसेज असतं, आणि नुसती चकती काढून उपयोग नाही, सूप त्यातच शिजवलंय का ते विचारायचं. सेरा द एश्त्रेलाचं मेंढीच्या दुधाचं चीज मात्र त्यांना बिनधास्त द्या, ते एका काटेरी झाडाच्या फुलाने विरजतात, प्राण्याच्या पोटातून काढलेलं विरजण (रेनेट) नसतं. आणि गोडात आबाद द प्रीश्कुश पुडिंग टाळा, त्यात डुकराची चरबी असते, हे कळल्यावर आमच्या पाहुण्यांचं तोंड उतरलं होतं, मलाच फार वाईट वाटलं.

तिसऱ्या_प्रेमी: साडेबारालाच पोचा, एकनंतर सहा जणांना एकत्र जागा मिळणं अवघड.

पेठेतला_पाहुणा: जाऊन आलो!! सव्वाबाराला गेलो ते साडेतीनला उठलो. असोर्दा साध्या पाण्यातलाच होता, वहिनींनी दुसऱ्यांदा मागवला आणि तिसऱ्यांचा रस पुसायला पाव तीनदा आणावा लागला. मित्र म्हणाला आईच्या हातच्या तिसऱ्यांची आठवण झाली, मग बराच वेळ काकूंबद्दलच बोलत बसलो. सगळ्यांचे मनापासून आभार. आता उद्या घरी करायच्या म्हणतोय, कोथिंबीर लसणाबरोबरच घालायची का गॅस बंद केल्यावर?

तिसऱ्या_प्रेमी: देठं लसणाबरोबर, पानं शेवटी. मीठ चाखूनच घाला.