मदत हवी आहे : आईच्या नाकाच्या स्वॅबमध्ये स्टॅफ निघाला, घरात तान्हं बाळ आहे

सावनी_क :
नमस्कार मंडळी. आईच्या गुडघ्याचा सांधा बदलायचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. आधीच्या तपासण्यांमध्ये नाकातून स्वॅब घेतला होता. कल्चरचा रिपोर्ट आला, त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस (हाच तो स्टॅफ नावाचा जंतू), खाली मेथिसिलिन सेन्सिटिव्ह असं लिहिलंय. डॉक्टरांनी नाकात लावायला म्युपिरोसिनचं मलम आणि अंघोळीला क्लोरहेक्झिडीन हे जंतुनाशक लिहून दिलं, "कॉमन आहे, घाबरू नका" म्हणाले आणि पुढचा पेशंट आत बोलावला.

आईला ना ताप, ना सर्दी, ना अंगावर कुठे फोड. तिला जंतूपेक्षा अपमानच जास्त लागलाय. "दोन वेळा अंघोळ करणाऱ्या बाईच्या नाकात जंतू निघतातच कसे?" हे दिवसभर चालू आहे.

खरी अडचण पुढेच आहे. धाकटी बहीण बाळंतपणाला इथे आलीय आणि बाळ अजून महिन्याचंही नाही. रिपोर्ट आल्यापासून आई त्याला हातातच घेत नाही. घरात नुसती धुसफूस.

तर हा जंतू अंगावर येतो कुठून? बाळाला आजीपासून लांब ठेवायचं का? आणि मलमाने गेला की कायमचा गेला का? घरगुती उपाय कृपया नकोत, कापूर आणि हळद आत्याने आधीच सुचवून झालंय.

चहाबाज :
वाचतोय. वडिलांच्या हर्नियाच्या वेळी आमचा कोणी स्वॅब घेतला नव्हता. हे नवीन आहे का?

पेट्रीडिश :
बरीच वर्षं मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये काढली आहेत, म्हणून लिहितो. औषधाचं मात्र डॉक्टरांनी सांगितलंय तेच करा.

आधी आईंचं समाधान. कुठल्याही वेळी तपासलं तर साधारण ३० टक्के निरोगी माणसांच्या नाकात हा जंतू सापडतो. काहींकडे तो वर्षानुवर्षं असतो, काहींकडे येऊन-जाऊन, काहींकडे टिकतच नाही. याचा स्वच्छतेशी फारसा संबंध नाही. ऑग्स्टन या स्कॉटिश सर्जनने १८८० च्या सुमारास गळवांच्या पुवात हे गोल जंतू पाहिले, आणि तेव्हापासून त्याची ओळख पुवातला जंतू अशीच राहिली. एरवी तो नाकात बसून काहीही करत नाही. त्याचा भाऊबंद स्टॅफ एपिडर्मिडिस तर तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच कातडीवर असतो.

येतो कुठून? माणसांकडूनच. हात, पंचा, उशीचा अभ्रा, आणि मग हात नाकाशी. (नाकात बोट घालणाऱ्यांमध्ये प्रमाण जास्त आढळतं, यावर नेदरलँड्समध्ये रीतसर अभ्यास झालाय. हे आईंना सांगू नका.) कोरड्या कापडावरही तो बरेच दिवस तग धरतो.

पण येणं वेगळं आणि टिकणं वेगळं. नाकपुडीच्या तोंडाशी, जिथे केस असतात, तो भाग कातडीचाच असतो. तिथल्या मेलेल्या पेशींच्या पापुद्र्यात लॉरिक्रिन नावाचं प्रथिन असतं आणि जंतूच्या अंगावरचं क्लम्पिंग फॅक्टर बी हे प्रथिन त्याला घट्ट धरतं. त्यामुळे साध्या शिंकरण्याने तो जात नाही. शिवाय तिथे आधीच राहणारे इतर जंतू त्याला जागा देतात की नाही, हाही प्रश्न असतो. २०१६ मध्ये जर्मनीत ट्यूबिंगनच्या संशोधकांना असं दिसलं, की स्टॅफ लुग्डुनेन्सिस हा नाकातलाच एक जंतू लुग्डुनिन नावाचं प्रतिजैविक बनवतो आणि तो ज्यांच्या नाकात असतो त्यांच्याकडे ऑरियस कमी आढळतो. माणसागणिकही फरक पडतो. डच संशोधकांनी स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम ऑरियसचे वेगवेगळे वाण (उपप्रकार) सोडून पाहिले. ज्यांच्याकडे तो मुळात राहत नव्हता त्यांनी ते लवकरच घालवले, आणि कायम बाळगणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या नाकात शेवटी त्यांचा स्वतःचा जुनाच वाण उरला!

आता बाळ. जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांत नाळेची जागा, जांघा, नाक इथे स्टॅफ अनेकदा येतो, आणि बाळाच्या नाकातला वाण बऱ्याचदा त्याच्या आईच्याच नाकातला असतो. पहिल्या एक-दोन महिन्यांत बाळांमध्ये प्रमाण भरपूर असतं, सहा महिन्यांपर्यंत बरंच उतरतं. थोडक्यात, आजीला वाळीत टाकून फार काही साधणार नाही. तुमच्यापैकी आणखी कोणाच्या नाकात तो आहे, हे कोणी तपासलंय?

चहाबाज, नवीन नाही. २००१ मधल्या एका जर्मन अभ्यासात, रक्तात हा जंतू गेलेल्या ८० टक्क्यांहून जास्त रुग्णांच्या नाकातही तोच वाण निघाला. मग २०१० मध्ये डच रुग्णालयांत मलम आणि क्लोरहेक्झिडीन देऊन पाहिलं, तेव्हा ऑरियसचे रुग्णालयातले संसर्ग ७.७ वरून ३.४ टक्क्यांवर आले. गुडघ्यात धातू बसवायचा असेल तर ही काळजी घ्यावीच. त्या धातूवर जंतूंचा थर एकदा चढला की औषध पोचत नाही, कधीकधी सांधाच काढावा लागतो.

निवृत्त_सिस्टर :
वरच्यांनी छान सांगितलं. मलम दोन्ही नाकपुड्यांत लावायचं आणि सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. क्लोरहेक्झिडीन डोळ्यांत, कानांत जाऊ द्यायचं नाही. त्या दिवसांत पंचा, चादर, अभ्रा रोज बदला आणि आईंचा पंचा दुसऱ्या कोणी वापरू नका. बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवायचे, नाळेच्या जागेला सारखा हात लावायचा नाही. आजीच्या हातावर गळू, केसतोड किंवा चिघळलेली जखम असेल तर मात्र बाळाला देऊ नका. आणि बाळाच्या बेंबीभोवती लाली, पू किंवा अंगावर पाण्याचे फोड दिसले, बाळ दूध प्यायचं बंद झालं, तर त्याच दिवशी दवाखाना. धाग्यावर विचारत बसू नका.

कायमचा जाईल का? बऱ्याच जणांकडे काही महिन्यांनी परत येतो. ऑपरेशनच्या वेळी नसला की काम झालं. म्हणून उरलेलं मलम जपून ठेवून घरातल्या सगळ्यांच्या नाकात घालू नका, अशानेच ते औषध लागू पडेनासं होतं.

काटेरी_फणस :
हे तेच ना, सुपरबग वगैरे?

पेट्रीडिश :
नाही. तो मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा प्रकार. सावनीताईंच्या रिपोर्टवर सेन्सिटिव्ह लिहिलंय, म्हणजे साधा.

सावनी_क :
खूप खूप आभार दोघांचेही. ३० टक्क्यांचा आकडा आईला वाचून दाखवला. आता तिला घरातल्या सगळ्यांचे स्वॅब हवेत, विशेषतः आत्याचा. बाळाच्या डॉक्टरांनाही फोन केला, त्यांनी हात धुवून खुशाल घेऊ दे म्हणून सांगितलं. सिस्टर, एक राहिलं : आई नाकात चमकी घालते, लग्नापासून काढलेली नाही. मलम लावताना काढावी लागेल का?

निवृत्त_सिस्टर :
ऑपरेशनच्या दिवशी काढायलाच लावतील, मग आत्ताच काढा. चमकीच्या मळसूत्राखाली मलम पोचत नाही. निघत नसेल तर ओढाताण करू नका, सोनाराकडून काढून घ्या.