घरफोड्या रोखायला गावानेच रात्री जागायचं का?

दारव्हेकर (धागाकर्ता)

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत घरफोडी झाली. घरची मंडळी उकाड्यामुळे गच्चीवर झोपलेली, खाली दाराला कुलूप. चोरांनी आधी आजूबाजूच्या घरांच्या कड्या बाहेरून लावल्या. एका कडीला तर बाइंडिंगच्या तारेचा पीळ दिला. मग निवांत कोयंडा उचकटला. शेजाऱ्याला खडखड ऐकू आली, तो उठला, दार ओढलं, पण उघडेना. तो आतून ओरडत राहिला आणि बाकीची गल्ली कूलरच्या घरघरीत झोपून राहिली. लेकीच्या लग्नासाठी केलेलं सोनं गेलं, तूर विकून आलेले पैसेही गेले.

माझं मत असं की बंद पडलेलं ग्राम सुरक्षा दल गावोगाव पुन्हा उभं करावं. पोलीस पाटलाने यादी करायची, ठाणेदाराने नावं तपासायची, दलातल्या माणसाला ओळखपत्र द्यायचं. आणि प्रत्येक घराला एक जोडघर ठरवायचं, तेही आपल्या गल्लीतलं नाही, पलीकडच्या गल्लीतलं. चोर एका गल्लीच्या कड्या लावू शकतो, दोन गल्ल्यांच्या लावायला त्याला वेळ नसतो. फोन वाजला की पलीकडच्यांनी आधी येऊन कड्या काढायच्या.

सावध राहायचे हंगाम दोन. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत वेचणीमुळे गाव दिवसभर वावरात असतं आणि कापूस घरात भरलेला असतो. दुसरा लग्नसराईचा, गच्चीवर झोपायचा. ठाणं तालुक्याला आणि एका बीट जमादाराकडे कितीतरी गावं. ११२ ला फोन लावायचाच, पण गाडी येईपर्यंत गावात कोण आहे?

जागलकरी (ता. हिंगणघाट)

माझा स्पष्ट विरोध आहे. भाऊ, ज्या रात्री तुम्ही मागता त्या आमच्या आधीच गेलेल्या असतात. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर थ्री फेज लाइन कित्येकदा रात्रीच मिळते. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं शिरतात म्हणून वावरातली रात्रीची जागल सुटत नाही. सकाळी पुन्हा काम. त्यात गावात येऊन शिट्ट्या वाजवत फिरायचं, आणि तेही कुणासाठी? घरफोडी होते माडीवाल्याकडे. माझ्या मालकीचं नेण्यासारखं काही असेल तर मोटारपंप आणि केबल, आणि ते वावरात आहे. तिथे तुमची गस्त येणार नाही. माल वाचणार एकाचा, झोप जाणार दुसऱ्याची. आमच्याकडे पूर्वी गस्त होती तेव्हा मालक लोक सालदाराला पाठवून स्वतः घरी झोपायचे.

दुसरं, पोलीस पाटील कशासाठी आहे? १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यात गुन्हे रोखणं हे त्याचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. २०२४ मध्ये मानधन साडेसहा हजारांवरून १५,००० झालं. सरकारचं काम सरकारने करावं. आपण फुकट करायला लागलो की ठाण्यात माणसं वाढवायची कुणाला गरजच वाटणार नाही.

दारव्हेकर

सालदाराचा मुद्दा शंभर टक्के मान्य, म्हणून नियमच तसा हवा. पाळी घराची आणि घरच्याच माणसाची, बदली चालणार नाही. ज्याची माडी मोठी त्याची पाळी आधी.

जागलीवर असलेल्यांना गावात बोलावूच नये. उलट पांदण रस्त्याने दिवे बंद करून गाडी येते ती पहिल्यांदा तुम्हालाच दिसते. तुम्ही वावरातून केलेला एक फोन हीच तुमची पाळी धरायची. पंप आणि केबलही त्यातच आले. तुमच्या वावराकडे कुणी वळलं तर शेजारच्या धुऱ्यावरच्याने तुम्हाला कळवायचं.

पोलीस पाटलाचं म्हणाल तर तो एकटा माणूस. कुठे पद रिकामं, कुठे शेजारच्या गावाचाही चार्ज त्याच्याकडेच. त्याला झोपू द्या असं मी म्हणत नाही, पण त्याच्या एकट्याच्या दोन डोळ्यांवर गाव सोडता येत नाही. ठाण्यात माणसं वाढवण्याची मागणीही सोडायची नाही, दोन्ही सोबत करू.

वरूडचा बागाईतदार

संत्र्याच्या बागेला मी कॅमेरे लावलेत. गावाच्या फाट्यावर आणि ग्रामपंचायतीच्या चौकात चार कॅमेरे लावा, हा जागरणाचा खटाटोपच नको.

जागलकरी (ता. हिंगणघाट)

लाइन गेली की कॅमेरा आंधळा. आमच्या बाजूच्या गावात चोर जाताना रेकॉर्डिंगचा डबाच घेऊन गेले. आणि फाट्यावर कॅमेरा लावला तर माणूस पांदणीने येईल.

बेड्यावरचा मास्तर

मी पारधी समाजाचा आहे, शाळेत शिकवतो. आमचा बेडा, म्हणजे आमची वस्ती, गावापासून हाकेच्या अंतरावर आहे. 'गस्त' म्हटलं की तुम्हाला सुरक्षा आठवते, आम्हाला दुसरंच आठवतं. गावात चोरी झाली की पहिली बॅटरी आमच्या झोपड्यांवर पडते. माझा धाकटा भाऊ परीक्षा देऊन अमरावतीहून शेवटच्या एसटीने उतरला, तर फाट्यावर गस्तीवाल्या पोरांनी त्याची थैली रस्त्यावर रिकामी केली. वह्या, हॉल तिकीट, आईसाठी आणलेलं औषध, सगळं मातीत. त्यातला एक जण त्याच्याच वर्गातला होता.

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने आमच्यासारख्या कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरून निघाला. गावाच्या नजरेतून निघाला का, ते तुम्हीच सांगा.

आणि राईनपाडा विसरू नका. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागायला आली होती. मुलं पळवणारी टोळी म्हणून अफवा उठली आणि जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले, तिथेही आधी चोर आल्याची अफवाच होती. दोन्हीकडे जमलेल्या लोकांना आपण गाव राखतोय असंच वाटत होतं. अंधारात घोळका, हातात काठी आणि मोबाईलवर आलेला मेसेज. तुमच्या दलात यातलं काय वेगळं असेल?

दारव्हेकर

मास्तर, या प्रश्नाचं उत्तर नसेल तर दल उभं करू नये, इतका तो महत्त्वाचा आहे.

कायदा सांगतो तेवढं आधी मांडतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे साध्या नागरिकाला एखाद्याला पकडता येतं, पण त्याच्या डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर, किंवा तो माणूस फरारी म्हणून जाहीर झालेला असेल तर. पकडल्यावरही उगाच उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. नुसत्या संशयावरून कुणाला अडवायचा अधिकार आपल्याला नाही. थैली उघडायचा तर नाहीच नाही. तुमच्या भावाबरोबर जे झालं तो गुन्हा होता आणि त्याची तक्रार व्हायला हवी होती.

म्हणून माझ्या मते दलाच्या हातात काठी नकोच. बॅटरी, शिट्टी, फोन. गाडीचा नंबर लिहायचा, ११२ ला कळवायचं, जोडघराच्या कड्या काढायच्या, दिवे लावून मोठ्याने आवाज द्यायचा. चोराला पळून जाऊ दिलं तरी चालेल, माल वाचला पाहिजे आणि जीव वाचले पाहिजेत. ज्याने हात उचलला त्याचं ओळखपत्र त्याच दिवशी काढून घ्यायचं. आणि बेड्यावरची माणसं दलात असलीच पाहिजेत.

बेड्यावरचा मास्तर

यादीत आमचं एक नाव घालून भागणार नाही. गस्तीची वाट बेड्यावरूनही गेली पाहिजे, आणि आमच्यावर नजर ठेवायला नाही, आम्हाला राखायला. आमच्या शेळ्या चोरीला जातात हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? तेव्हा कुणी शिट्टी वाजवत नाही, आणि तक्रार द्यायला गेलो तर आधी आमचीच चौकशी होते. हे मान्य असेल तर पहिली पाळी मी करतो. नसेल तर ग्रामसभेत उभा राहून विरोध करीन.

अंगणवाडीताई

सगळे दादा रात्रीचंच बोलताहेत. आमच्या गावच्या चोऱ्या दिवसाच्या आहेत. सोयाबीन सोंगणी, मग वेचणी, बायका सकाळीच डबे घेऊन निघतात, घरी म्हातारी माणसं. दुपारी दोन जण येतात, 'दागिने पॉलिश करून देतो' म्हणतात आणि म्हातारीच्या पोतीतले मणी हलके करून जातात. गस्तीवाले तेव्हा कुठे असणार?

जोडघराची कल्पना मला आवडली, पण ती दिवसा चालवायची असेल तर बायकांच्या हाती द्या. बचत गटाच्या बैठकी होतातच. कोण वेचणीला जाणार, कोण घरी राहणार, कुणाची म्हातारी एकटी आहे, हे आम्हाला न विचारताच माहीत असतं. आणि रात्रीच्या गस्तीत दारू पिऊन येणाऱ्याला घेऊ नका. आमच्याकडे गस्त बंद पडली ती याच कारणाने, चोरांपेक्षा गस्तीवाल्यांचीच भीती वाटायला लागली होती.

अजून एक. लग्नाला किंवा तिरुपतीला निघालात की गाडीतूनच स्टेटस ठेवता, सगळ्या तालुक्याला कळतं घर रिकामं आहे ते. फोटो परत आल्यावर टाका. जोडघराला मात्र निघण्याआधी सांगून जा.

वऱ्हाडी बुढा

राजेहो, आमच्या टायमाले संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना होये. अख्खं गाव जमे. कोनी दिसलं नाई तं लगेच इचारत, 'काहून आला नाई तो?' कोन गावाले गेलं, कोनाच्या घरी पावना आला, सारं कळे. आता संध्याकाळ झाली का जो तो कवाड लावून टीवीपुढं. शेजारी चार दिवसांचा गावाले गेला तरी पत्ता नाई. मास्तर म्हनते ते खरं हाय, काठी नोको. पन जागं राहा लागते बाप्पा, दुसरा उपाय नाई.

जागलकरी (ता. हिंगणघाट)

बदली माणूस नाही आणि वावरातून केलेला फोन पाळीत धरायचा, एवढं असेल तर माझा अर्धा विरोध गेला. उरलेला अर्धा असा. गस्तीवर असताना कुणाला चोराने मारलं, विहिरीत पाय गेला, साप चावला, तर दवाखान्याचा खर्च कोण देणार? शेतमजुराचा हात मोडला की त्याचं घर बसतं. चोरीत सोनं जातं, यात कमावता माणूस जाईल. ओळखपत्रावर ठाणेदाराची सही असेल तर जबाबदारीही लिहून द्यायला लावा.

दारव्हेकर

याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते लेखी मिळाल्याशिवाय कुणाच्या घरातला माणूस रात्री बाहेर काढू नये हे तुमचं म्हणणं मी धरून चालतो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आमच्या गावात हा विषय मांडतोय. ठाणेदार आणि पोलीस पाटील, दोघांनाही बोलावणं पाठवलं आहे. मास्तरांची बेड्याची अट, ताईंची दिवसाची पाळी आणि तुमचा खर्चाचा प्रश्न, तिन्ही ठरावात घालतो. उपचाराच्या खर्चाचं ठरलं नाही तर गस्त सुरू करणार नाही, जोडघरं मात्र दुसऱ्या दिवसापासून ठरवू. त्याला सही लागत नाही. तुमच्याकडे कुठे ठाण्याने अशी लेखी जबाबदारी घेतली असेल तर इथे जरूर लिहा, ग्रामसभेत दाखवायला उपयोगी पडेल.