खाम नदीवरच्या दरवाजांचे जुने पूल: गाड्या बंद कराव्यात का?

खामकाठ (धागा सुरू करणारे):
माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्या (औरंगाबादेतल्या) मकाई दरवाजा, पाणचक्कीजवळचा महेमूद दरवाजा आणि बारापुल्ला दरवाजा या तिन्ही ठिकाणच्या दगडी पुलांवरून इंजिनाची एकही गाडी जाऊ नये. माणसं जावीत, सायकली जाव्यात. गाड्यांसाठी नवे पूल हवेत, पण दरवाजाला खेटून नकोत. नदीच्या पात्रात उभं राहिलं की जुन्या कमानी मोकळ्या दिसल्या पाहिजेत.

आपण बावन्न दरवाजांचं शहर म्हणून मिरवतो आणि पुलांचं नावही काढत नाही. 1610 मध्ये मलिक अंबरनं खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली, नहरी खोदून डोंगरातलं पाणी गावात आणलं. 1682 मध्ये औरंगजेबानं तटबंदी बांधली. पश्चिमेला खाम नदी हाच तटाचा खंदक होता. दरवाजा आणि त्याच्या पुढ्यातला पूल ही एकच रचना आहे. पुलावरून येणारा कुणीही असो, सैनिक, व्यापारी की मकबऱ्याकडून परतणारा, दरवाजावरच्या पहारेकऱ्याच्या नजरेखालूनच यायचा. पूल काढला तर दरवाजा नुसती कमान उरतो. तरी दिवे लागतात ते दरवाजाला. पुलाच्या पोटाखाली कुणी वाकून बघत नाही.

बेगमपुरेकर:
साहेब, इतिहास मान्य. पण आमचं रोजचं जिणं त्या कमानीतून जातं. विद्यापीठ, मकबरा, बेगमपुरा इकडून घाटी रुग्णालयात पेशंट न्यायचा म्हणजे मकाई दरवाजा. समोरून एखादी गाडी आडवी आली की दोन्हीकडं रांग लागते. लोकं जीव मुठीत धरून जायलेत. तुम्ही म्हणता बंद करा. आपल्याकडं आधी बॅरिकेड लागतं, मग निविदा निघते, मग दोन पावसाळे जातात. तेवढ्या वेळात माझ्या आईला दम लागला तर मी तिला कोणत्या रस्त्यानं नेऊ?

आणि नवा पूल लांब पाहिजे म्हणता, त्याचा अर्थ कळतो का? लांब म्हणजे भूसंपादन, भूसंपादन म्हणजे आमची घरं. जुन्या दगडासाठी जित्या माणसाचं घर पाडायचं हे मला पटत नाही.

खामकाठ:
तुमच्या आईच्या रस्त्यासाठीच सांगतोय. महाडचा सावित्रीवरचा पूल आठवा. 1928 चा, दगडी कमानींचा. शेजारी नवा पूल होता, तरी एका बाजूची वाहतूक जुन्यावरूनच चालू ठेवली होती. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात तो गेला आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. आपले पूल त्याहून कितीतरी जुने आहेत.

गाळे-कमान:
पुलांच्या देखभालीत काम केलंय म्हणून लिहितो. महाडचा दाखला दोघांनाही नीट लागू होत नाही. तिथं नदीला महापूर होता, पूल गाड्यांच्या वजनानं बसला नाही. त्यातून निघणारा धडा असा की पाणी ठराविक खुणेच्या वर गेलं की पूल बंद व्हायलाच हवा, मग तो जुना असो की नवा.

दगडी कमान वजनाला सहसा भीत नाही. भार आला की दगड एकमेकांवर दाबले जातात आणि तो दाब खांबातून पायात उतरतो. कमानीचे शत्रू वेगळे. पहिला, पायाखालची माती उकरून नेणारं पाणी. गाळ, राडारोडा, प्लास्टिक यांनी चार गाळे, म्हणजे कमानींखालच्या पाण्याच्या वाटा, बुजले की सगळा लोट उरलेल्या गाळ्यांतून जोरात घुसतो आणि तिथला पाया उघडा पडतो. दुसरा शत्रू पिंपळ. सांध्यात करंगळीएवढी मुळी दिसते. वरून छाटली की दुसऱ्या पावसाळ्यात दुप्पट फुटते, आणि आत ती दगड सरकवत असते. तिसरा शत्रू आपणच. रस्ता खराब झाला की जुना थर न खरवडता त्यावर नवं डांबर ओततो. पुलावरचं कायमचं वजन वाढत जातं, कठडा गुडघ्याला येतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि पावसाचं पाणी कमानीच्या पोटात मुरतं. मग खालून सिमेंटनं दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरतात, म्हणजे आत मुरलेल्या पाण्याची बाहेर यायची वाटही बंद. तिथं चुनाच पाहिजे.

म्हणून माझं मत खामकाठ यांच्या उलट आहे. ट्रक-बस बंद, उंची अडवणारा लोखंडी आडवा बसवा, पण दुचाकी, रिक्षा, रुग्णवाहिका चालू ठेवा. ज्या पुलावरची वर्दळ संपते, त्याच्या दुरुस्तीचा पैसाही संपतो. वर्षभरात तिथं टपऱ्या बसतात.

बालाघाटी:
आमच्या धाराशिव जिल्ह्यातलं उदाहरण कुणीच देईना म्हणून लिहितो. नळदुर्गात बोरी नदीवरचा बंधारा 1613 चा, इब्राहिम आदिलशहा दुसऱ्याच्या काळातला. तो नळदुर्ग आणि रणमंडळ हे दोन भाग जोडतो, म्हणजे पुलाचंच काम करतो. पोटात पाणीमहाल आहे. चारशे पावसाळ्यांत नर-मादी धबधब्यांनी त्याच्यावरून किती पाणी सोडलं असेल! त्याच्यावरून ट्रक गेला नाही, माणसंच गेली. गाळे-कमान म्हणतात की वर्दळ संपली की पूल मरतो. आमचा बंधारा बघायला पावसाळ्यात माणसांची रीघ असते.

देवगिरीवरही बघा. खंदकावर आता लोखंडी पूल आहे आणि जुना दगडी त्याच्या खाली शाबूत आहे. नवा आला म्हणून जुना कुणी मोडला नाही.

गाळे-कमान:
नळदुर्ग आणि देवगिरी हे किल्ले आहेत, संरक्षित स्मारकं. बारापुल्ला भर वस्तीत आहे. तुलना करायचीच तर हैदराबादशी करा, 1956 पर्यंत आपण त्याच राज्यात होतो. तिथला पुराना पूल 1578 चा. 28 सप्टेंबर 1908 ला मुसीला जो पूर आला, त्यात नंतर बांधलेला अफजल पूल वाहून गेला आणि पुराना पूल उभा राहिला. तेव्हा तो वापरात होता, राज्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

सिंदफणा:
मी बीडचा. सगळ्यांचं वाचलं आणि जीव तुटला. 2025 च्या सप्टेंबरात बीड, धाराशिव, लातूरकडं काय पाऊस झाला ते सगळ्यांनी पाहिलंय. किती गावांचा संपर्क तुटला! आमच्याकडं पूल म्हणजे चार नळ्या टाकून वर काँक्रीट. ओढा भरला की पोरांची शाळा बंद, बाळंतीण अडकलेली. मराठवाड्याच्या वाट्याला पुलांसाठी पैसा येतो तो आधी तिथं जावा. तुमच्याकडं निदान तीन पर्याय आहेत, आम्हाला एकही नाही.

खामकाठ:
सिंदफणा, तुमच्या ओढ्यावर उंच पूल झालाच पाहिजे. त्यात माझ्या मागणीनं अडथळा येत नाही. पिंपळ मुळासकट काढणं, डांबराचे थर खरवडणं, चुन्यानं दर्जा भरणं याला नव्या पुलाइतका पैसा लागत नाही.

गाळे-कमान, हलकी वाहनं चालू ठेवा म्हणता, पण हलकं कुठं थांबतं? आज रिक्षा, उद्या टेम्पो, परवा विटांचा ट्रॅक्टर. उंचीचा आडवा कुणीतरी रात्रीतून वाकवतो. पाणचक्कीजवळच्या दरवाजाला गाड्यांच्या धडका बसून काय दशा झाली होती, ती आपण पाहिली आहे. दगड निखळला की तो दुरुस्तीनं बसतो, पण मूळचा राहत नाही. पूर्ण बंदी पाळून घेता येते, अर्धी बंदी येत नाही.

बेगमपुरेकर:
मग माझ्या दोन अटी. नवा पूल वापरात आल्याशिवाय जुन्यावर दोरीसुद्धा बांधायची नाही. आणि जागा ठरवताना नदीपात्रातली अतिक्रमणं आधी मोजा, राहती घरं शेवटी. एवढं लेखी मिळत असेल तर बेगमपुऱ्यातून पहिली सही माझी.

गाळे-कमान:
त्यात तिसरी घाला. पावसाळ्याच्या आत तिन्ही पुलांचे सगळे गाळे मोकळे करा आणि प्रत्येक खांबावर पाण्याच्या धोक्याची खूण रंगवा. बंदी घालायची की नाही यावर आपलं भांडण चालू राहू द्या. या कामाला दोघांपैकी कुणाचाही विरोध नाही, आणि जून लांब नाही.