समुद्र न पाहिलेल्या मुलांसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या एका जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवतो. आपली वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, मग गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते, हे सांगितलं तर आठवीतल्या एका पोरीनं विचारलं, "सर, नदी गोड, मग समुद्र खारट कसा?" फळ्यावर समजावलं, पण तिला काही पटलं नाही. (मी तरी समुद्र एकदाच पाहिलाय!)

म्हणून मुलांना समुद्राचा अभ्यास करणारी एखादी संस्था दाखवावी म्हणतो. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था लांब पडते. त्सुनामीचा इशारा देणारं हैदराबादचं इन्कॉईस (समुद्राची माहिती देणारं राष्ट्रीय केंद्र) त्यामानानं जवळ, बल्लारशाहून रेल्वे आहे. तिथं कोणी शाळेची सहल नेली आहे का? परवानगी कशी मिळवली? शिक्षकांसाठी एखादं प्रशिक्षण माहीत असेल तर तेही सांगा. मुलं 25, पालक बहुतेक मजुरीवर, त्यामुळे खर्च बेताचाच झेपेल.