यांत्रिक ऐक्य गावातलं की शहरातलं?

नौपाडा, ठाणे

परीक्षेत समाजशास्त्र मराठीतून लिहिणाऱ्यांच्या उत्तरांत एक चूक हटकून सापडते: 'गावात सेंद्रिय ऐक्य असते, औद्योगिक शहरात यांत्रिक.' समाज कशाने एकत्र राहतो याच्या या दोन संज्ञा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमच्या, आणि त्याने १८९३च्या श्रमविभाजनावरच्या ग्रंथात नेमकं उलट मांडलं आहे. मन लावून अभ्यास करणारेही इथे घसरतात, म्हणजे दोष वाचनाचा नसून प्रतिशब्दांचा असावा. दुसरे शब्द सुचतात का? मार्क्सची 'परात्मता', दुर्खीमचीच 'नियमशून्यता', जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबरचं 'विवेकीकरण' यांचंही असंच होतं का?

नेरूळ

दोष शब्दांचाच आहे, आणि दोन्ही शब्द एकाच वेळी चुकीच्या बाजूला ओढतात. 'यांत्रिक' म्हटलं की डोळ्यांसमोर यंत्र येतं, यंत्रामागून कारखाना. 'सेंद्रिय' म्हटलं की खत, भाजी, गूळ, म्हणजे शेत आणि गाव. दुर्खीमच्या मनात यातलं काही नव्हतं. 'यांत्रिक' त्याने निर्जीव पदार्थाच्या कणांवरून घेतलं: कण सारखे, सगळे एकत्र हलणारे, एकट्याची वेगळी हालचाल नाही. देव, सण, धंदा, समजुती सगळ्यांच्या एकच असलेला समाज तसा. 'सेंद्रिय' आलं ते शरीराच्या इंद्रियांवरून. हृदय आणि फुप्फुस सारखे नाहीत, म्हणूनच एकाचं दुसऱ्यावाचून चालत नाही.

माझ्या मते 'सेंद्रिय'च्या जागी 'सावयव' घ्यावं. त्यात अवयव स्पष्ट दिसतात, खत दिसत नाही, आणि राज्यशास्त्रात 'राज्याचा सावयव सिद्धांत' ऐकलेला असतो. 'यांत्रिक'साठी 'साम्यमूलक' चालेल.

शब्द कोणताही घ्या, खूण मात्र कायद्याची. ऐक्य डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून दुर्खीम कायद्याचा प्रकार बघतो. नवी मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या सूचना फलकावर थकबाकीदारांची यादी असते: फ्लॅट क्रमांक, रक्कम, त्यावर उपविधींप्रमाणे सरळव्याज. तरीही भरलं नाही तर उपनिबंधकाकडून वसुली दाखला. हिशेब पूर्ववत झाला की विषय संपतो, कुणी पापी ठरत नाही. हा प्रतिपूर्तीचा कायदा, सावयव ऐक्याची खूण. याउलट रीत मोडली म्हणून एखाद्या घराला वाळीत टाकलं, तर कुणाचं नुकसान भरून निघत नाही. सगळ्यांची भावना दुखावली, तिचं ते शासन असतं. हा दमनकारी कायद्याचा प्रकार, साम्यमूलक ऐक्याची खूण.

एक काळजी घ्या. आधुनिक समाजात दमनकारी कायदा उरतच नाही असं लिहू नका. वाळीत टाकणं हाच आता महाराष्ट्रात गुन्हा आहे, त्यासाठी २०१६चा अधिनियम आहे आणि त्यात तुरुंगवासाची शिक्षा आहे. दुर्खीम बोलतो ते दोन्ही प्रकारच्या कायद्यांच्या प्रमाणाबद्दल.

ऐरोली

'सावयव' पटतं, पण परीक्षेत रुळलेला शब्द सोडणं धोक्याचं. तपासणारा 'यांत्रिक' आणि 'सेंद्रिय' हेच शब्द शोधत असतो. पहिल्या वाक्यात रुळलेली संज्ञा अवतरणचिन्हात द्यावी, लगेच तिचा अर्थ ('म्हणजे साम्यावर उभे असलेले'), मग कायद्याची खूण, शेवटी एक उदाहरण. १० गुणांच्या, १५० शब्दांच्या उत्तरात व्याख्येला ३० शब्दांच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर चिकित्सेला जागाच उरत नाही.

आणि 'समाज' या शब्दाकडेही बघा, तिथे याहून मोठी गफलत आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ टॉनीजने १८८७मध्ये 'गेमाइनशाफ्ट' आणि 'गेझेलशाफ्ट' अशी जोडी मांडली. पहिल्यात नातं आधी, माणूस त्यात जन्मतो. दुसऱ्यात स्वार्थ आणि करार आधी, नातं त्यापुरतं. शब्दकोशाप्रमाणे 'गेझेलशाफ्ट' म्हणजे समाज. पण आपल्या बोलण्यात 'आगरी समाज', 'कोळी समाज', 'आमच्या समाजात असं चालत नाही' यांत समाज म्हणजे नेमका टॉनीजचा पहिला प्रकार! आणि त्याचा दुसरा प्रकार आपण रोज 'सोसायटी' म्हणतो: नोंदणी, शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्स, वार्षिक सभा. घणसोलीसारख्या ठिकाणी गावठाण आणि सिडकोचे सेक्टर शेजारी शेजारी आहेत. गावठाणात 'तू कुणाचा?' विचारतात, सेक्टरमध्ये 'कितव्या मजल्यावर?' म्हणून पहिल्याला 'समुदाय' आणि दुसऱ्याला 'करारनिष्ठ समाज' म्हणावं. नुसतं 'समाज' लिहिलं की अर्थ उलटतो.

नेरूळ

हे फार मोलाचं सांगितलंत. यातूनच दुर्खीम आणि टॉनीज यांतला फरकही उलगडतो. टॉनीजच्या मते जुना बंध जिवंत आणि नवा कृत्रिम, यंत्रासारखा. दुर्खीमने ती उपमाच फिरवली. त्यामुळे विद्यार्थ्याचं चुकीचं वाक्य दुर्खीमच्या नावाने चूक असलं, तरी टॉनीजच्या नावाने बरंचसं बरोबर ठरतं.

नौपाडा, ठाणे

आभारी आहे. 'नियमशून्यता' आणि 'परात्मता' यांचंही सांगाल का? पुष्कळ जण दोन्हींचा अर्थ 'शहरी एकटेपणा' असाच लावतात.

कळवा

एकटेपणा दोन्हीतही नाही.

'परात्मता' हा मराठीतला फार चांगला घडलेला शब्द आहे, तो टिकवायला हवा. जे माझं, माझ्यातून निघालेलं, तेच पर होऊन माझ्यासमोर उभं राहतं. 'दुरावा' किंवा 'परकेपणा' यांत दोन माणसं लागतात. इथे माणूस आणि त्याचंच काम आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औषध कारखान्याची पॅकिंग लाइन घ्या. पट्ट्यावरून गोळ्यांच्या स्ट्रिप येतात, कामगार त्या खोक्यात भरतो, खोकं पुढे सरकतं. माल त्याचा नाही. वेग पट्टा ठरवतो, म्हणजे कृतीही त्याची नाही. विचार करून घडवण्याची जी माणसाची विशेष शक्ती, ती वापरली जात नाही. शेजारचा कामगार सोबती न राहता स्पर्धक होतो. मार्क्सच्या १८४४च्या हस्तलिखितांतली हीच चार अंगं: वस्तू, कृती, मनुष्यत्व आणि इतर माणसं. (ही हस्तलिखितं छापली गेली १९३२मध्ये.) उत्तरांत तिसरं अंग हमखास गळतं. दुसरी चूक म्हणजे परात्मतेला 'कंटाळा' समजणं. कामगार समाधानी असला, पगार भरपूर असला, तरी मार्क्सच्या लेखी परात्मता असतेच, कारण ती मनाची अवस्था नसून मालकीच्या व्यवस्थेतली स्थिती आहे. जमिनीच्या कागदपत्रांतला 'अन्यसंक्रमण' हा शब्द इथे उपयोगी पडतो: आपली वस्तू दुसऱ्याच्या हक्कात जाणं.

'नियमशून्यता' मला अपुरी वाटते. ऐकणाऱ्याला वाटतं कायदा नाही, पोलीस नाहीत, म्हणजे अराजक. दुर्खीमला म्हणायचं आहे की इच्छांना किती पुरे हे सांगणारी समाजाची पट्टी हरवते. म्हणूनच १८९७च्या आत्महत्येवरच्या ग्रंथात तो दाखवतो की मंदीतच नव्हे, अचानक आलेल्या भरभराटीतही आत्महत्या वाढतात. अराजक म्हटलं तर भरभराटीचा मुद्दा कळणारच नाही. 'प्रमाणकशून्यता' हा जड असला तरी अचूक शब्द आहे.

आता तुलना. श्रमविभाजन तेच, निदान वेगळं. मार्क्सला दोष मालकीत दिसतो, म्हणून उपाय खाजगी मालकी संपवण्याचा. दुर्खीमला श्रमविभाजन मुळात निरोगी वाटतं. प्रमाणकं नसली किंवा माणसाला सक्तीने एखाद्या कामाला जुंपलं तरच ते बिघडतं, म्हणून १९०२च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तो व्यावसायिक संघांवर भर देतो. वेबर मार्क्सला अडवतो: मालकी सरकारकडे गेली तर नोकरशाही कमी न होता वाढेल. हे तीन उपाय लिहिले की तुलना झाली. तिघांची जन्मवर्षं लिहून ती होत नाही.

नेरूळ

वेबरचं 'विवेकीकरण' मात्र बदलायलाच हवं. 'विवेक' म्हणजे आपल्याकडे नित्य काय, अनित्य काय, हे ओळखणं. संतांनी रुळवलेला शब्द आहे, त्यात चांगल्यावाइटाचा निवाडा आहे. वेबर सांगतो ते साध्य ठरल्यावर सर्वांत नेमकं साधन मोजून काढणं. साध्य योग्य आहे का, हा प्रश्नच त्या हिशेबात मागे पडतो. त्याला विवेक म्हटलं तर वेबरची सगळी चिंताच पुसली जाते. 'तर्कसंगतीकरण' त्यातल्या त्यात बरं.

ऐरोली

माणसाला जखडणाऱ्या आधुनिक अर्थव्यवस्थेसाठी वेबरच्या नावावर रुळलेला 'लोखंडी पिंजरा'ही तपासा. तो अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पार्सन्सच्या १९३०च्या इंग्रजी भाषांतरातून आला. वेबरच्या मूळ जर्मनमध्ये पोलादासारखं कठीण 'गेहॉइझे' आहे, म्हणजे आवरण, कवच. पिंजऱ्यात कुणीतरी कोंडतं आणि दार उघडलं की बाहेर पडता येतं. कवच अंगाभोवती बनतं, त्यातच राहावं लागतं. त्याच्या जरा आधी वेबर बॅक्स्टर या धर्मोपदेशकाचं म्हणणं देतो: ऐहिक वस्तूंची काळजी हलक्या झग्यासारखी खांद्यावर असावी, केव्हाही टाकून देता यावी. मराठीत तिथे 'उपरणं' शोभेल. उपरण्याचं पोलादी कवच झालं, हा तो प्रवास. पिंजरा म्हटलं की वस्त्र घट्ट होत गेल्याचं चित्रच जातं.

नौपाडा, ठाणे

मग 'पोलादी कवच' लिहावं आणि पहिल्यांदा येईल तिथे 'ज्याला लोखंडी पिंजरा म्हणतात' एवढं जोडावं?

ऐरोली

हो, तसंच. आणि 'पोलादी'च ठेवा, 'लोखंडी' नको. मूळ शब्दात पोलादच आहे.